पडलेल्या सिनेमांचं अपील

मे महिन्यात, टॉकीजच्या तापलेल्या पत्र्याखाली, बाकीचे पुरुष सदऱ्याची बटणं सोडून बसायचे, तिथे भाऊ काळा कोट घालून यायचे. कोर्टातला कोट. नोकरी संपून काही वर्षं झाली होती, पण सिनेमाला यायचं म्हणजे कोट हवाच. ते आत शिरले की पाठच्या बाकांवरून खाडीपलीकडचं कुणीतरी ओरडायचं, "कोर्ट इला रे! लाव आता पिच्चर!" भाऊ मागे न बघता एक हात वर करायचे. तो आशीर्वाद होता की दटावणी, ते ज्याचं त्याने ठरवावं.

मी त्या टॉकीजचा मॅनेजर होतो. मॅनेजर म्हणजे एसटीतून उतरलेली रिळांची पेटी डोक्यावर घेणं, भिंतीवर पोस्टर चिकटवणं, तिकिटं फाडणं आणि पंखा बंद पडला की शिव्या खाणं. राहायला भाऊंच्याच घराची मागची खोली. त्यामुळे भाऊ माझे घरमालकही होते आणि गिऱ्हाईकही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे मात्र मी त्यांचा भाडेकरू नव्हतो. मी 'सरकार पक्ष' होतो.

त्याचं असं की, भाऊंची सगळी नोकरी बेंच क्लार्क म्हणून गेली. न्यायाधीश निकाल सांगणार, भाऊ तो कागदावर घेणार, मोठ्याने पुकारणार, दप्तरात बांधून ठेवणार. "जन्मभर दुसऱ्याचे निकाल वाचलंय," ते म्हणायचे, "एक तरी आपलो नको?" निवृत्त झाल्यावर त्यांनी आपलं कोर्ट काढलं. त्यात खटले फक्त सिनेमांचे, आणि तेही फक्त पडलेल्या सिनेमांचे. धो धो चाललेला सिनेमा लागला की भाऊ टॉकीजच्या समोरून जातानाही मान फिरवायचे.

"ज्येका सगळा जग शाबास म्हणता, तेका माझी काय गरज? वकील आरोपीक लागता, नवरदेवाक नाय."

आमच्याकडे सिनेमा यायचा तो शिळा होऊन. मुंबई झाली, पुणं झालं, कोल्हापूर झालं, की मग ओरखडे पडलेली प्रिंट आमच्या वाट्याला. भाऊ म्हणायचे, "मुंबयत फाशी देतत आणि मढा आमच्याकडे धाडतत. आता मढ्याचा अपील आमीच ऐकूचा."

अपिलाची सुनावणी रविवारी सकाळी पडवीत व्हायची. भाऊ खुर्चीत, मी पायरीवर, मधे चहा. मी सिनेमाच्या विरुद्ध बोलायचं, कारण मी सरकार पक्ष. सिनेमा का पडला ते सगळं सांगायचं: गाणी रटाळ, हिरो म्हातारा, गोष्टीला शेंडाबुडखा नाही. भाऊ डोळे मिटून ऐकायचे. मग घसा साफ करायचे आणि तोंडातली मालवणी एकदम गळून पडायची. "उभय पक्षांचे म्हणणे ऐकले. सबब, खालच्या कोर्टाचा निकाल रद्द करण्यात येत असून, सदर चित्रपट निर्दोष ठरविण्यात येत आहे." आतून काकींचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज यायचा, "निर्दोष झालो मा? मगे तेका जेवकच बोलवा. मासे आणूक कोण जाता ता सांगा पयला."

सगळेच सिनेमे सुटायचे असं नाही. कित्येकदा फाशी कायम व्हायची. पण जे त्यांनी सोडवले, ते का सोडवले हे मला आजही पाठ आहे, आणि मी त्यातल्या बहुतेक निकालांवर आज सही करायला तयार आहे.

एक डाकूचा सिनेमा होता. त्यातल्या डाकूला चष्मा होता. लोक पहिल्याच दृश्याला हसले आणि शेवटपर्यंत हसत राहिले, कारण डाकूला चष्मा असतो हे कुणाला पटलंच नाही. शेवटी घोड्यावरून पडून चष्मा फुटतो आणि आपल्या मुलीचं पत्र त्याला ओलीस धरलेल्या सावकाराकडून वाचून घ्यावं लागतं. सावकार वाचताना खोटं वाचतो. डाकूला ते कळतं, पण दुसरा वाचणारा नाही. भाऊ म्हणाले, "घोड्यावरचे डाकू शंभर बघलंय. भियालेलो डाकू ह्यो एकटोच." मी टॉकीजचा धंदा पुढे बरीच वर्षं केला, पंचवीस पंचवीस आठवडे चाललेले डाकू माझ्या हातून गेले. चष्मेवाल्याच्या पासंगाला त्यातला एकही पुरत नाही. हे माझं मत आहे आणि ते मी बदलणार नाही.

दुसरा जुळ्या भावांचा. ताटातूट झालेले भाऊ शेवटच्या मारामारीत भेटायचे ही रीत. ह्यात ते मध्यंतराच्या आधीच भेटतात आणि मग दोघांना एकमेकांशी काय बोलावं तेच कळत नाही. एक श्रीमंत, एक हमाल. जेवायला बसतात तर हातसुद्धा वेगळ्या तऱ्हेने धुतात. लोकांनी बाकं वाजवली. मी सरकार पक्षातर्फे म्हटलं, "भेटले की गोष्ट संपली. पुढचं कोण बघणार?" भाऊ म्हणाले, "भेटल्यारच सुरू होता, मॅनेजरानू. तुमका सख्खो भाव नाय, म्हणान कळणा नाय."

आणि एक होता ज्यात खलनायकच नव्हता. खाडीपलीकडचा एक जण मध्यंतरात माझ्या खिडकीशी आला. "मारामारी खंय आसा? पेटीतच रवली काय?" मी म्हटलं, नाहीच आहे. तो माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मी ती घरी नेली असावी. भाऊंनी मात्र तो सिनेमा लागोपाठ दोन दिवस बघितला आणि निकालात म्हणाले, "तीन तास कोणी वायट वागणा नाय, तरी सगळ्यांचा वायट होता. घराघरात ह्याच चलता. मुंबयच्या लोकांक आरसो दाखयल्यार ते तिकिटाचे पैसे परत मागतत."

ह्या चष्मेवाल्या डाकूवरून देवळातही एकदा गोंधळ झाला. वर्षाच्या गाऱ्हाण्याला गावचे पुरुष जमलेले. मानकरी देवापुढे हात जोडून मागणं मागत होता: पाऊस वेळेवर पडू दे, गुरांना आजार नको, मुंबईला गेलेल्यांच्या नोकऱ्या टिकू देत. प्रत्येक मागण्याला सगळे एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणत होते. मानकऱ्याने दम घेतला तेवढ्या फटीत भाऊ घुसले. "आणि बा देवा म्हाराजा, त्या चष्मेवाल्या डाकूच्या डायरेक्टराक, जो खंय आसात थंय, आणखी एक पिच्चर काढूची ताकद दी रे म्हाराजा!" आणि सगळ्या गावाने सवयीने, मनापासून म्हटलं, "व्हय म्हाराजा!" मानकरी शिमग्यापर्यंत भाऊंशी बोलला नाही. काकी म्हणाल्या, "देवाक तरी सोडूचा होता." भाऊ म्हणाले, "देवान तक्रार केल्यान नाय. मानकऱ्यान केल्यान."

भाऊंचे हे किस्से मी आजवर पुष्कळ ठिकाणी सांगितले. लोक हसतात, मीही हसतो, आणि इथेच थांबतो. यापुढचं कधी सांगितलं नाही.

त्यासाठी आधी आमच्या टॉकीजची एक रीत सांगायला हवी. संध्याकाळच्या खेळाला निम्मे लोक खाडीपलीकडचे असायचे. त्यांना परत नेणारी होडी एकच, आणि ती घड्याळावर नव्हे, पाण्यावर चालायची. सुकती लागली, पाणी उतरलं, की होडी चिखलात बसणार. म्हणून ओहोटीच्या दिवसांत होडीवाला लवकर निघायचा, आणि निघायच्या आधी धक्क्यावर पत्र्याचा डबा वाजवायचा. तो डबा ऐकला की पडद्यावर हिरोईन विष पीत असली तरी अर्धी बाकं रिकामी. तेव्हा सिनेमाची लांबी आमच्याकडे खाडी ठरवत असे. भरतीला पूर्ण सिनेमा, ओहोटीला दोन-तीन रिळं कमी. कुठली काढायची ते माझं काम. गाणी काढायची, विनोदी नटाचं काहीतरी काढायचं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, भाऊंनासुद्धा. पण टॉकीजच्या शेठची एक सक्त ताकीद होती. "मधला व्हया ता काप. शेवट कापलस तर दुसऱ्या दिवशी कामार येव नको. लोक शेवटाक पैसे देतत." म्हणून गावाचा शेवटावर विश्वास होता. शेवट जो दिसला तो खरा.

त्या वर्षी चतुर्थीला भाऊंची मुलगी सुमन मुंबईहून आली आणि गणपती गेले तरी परत गेली नाही. एकुलती एक. नवरा दारू प्यायचा नाही, बाहेर काही नव्हतं. तो तिच्याशी बोलत नसे, एवढंच. कशावरून तरी रुसला आणि आठ महिने एक शब्द नाही. भाजीत मीठ कमी असलं तर तो आईला सांगायचा आणि आई सुमनला सांगायची, ती समोर उभी असताना. मग एकदा तिने विचारलं, मी काय केलं ते तरी सांगा. त्यावर त्याने तिच्या तोंडात मारली. तेही न बोलता.

काकी रडायच्या. ज्यांनी डाकूला सोडवलं, जुळ्यांना सोडवलं, त्यांना घरातल्या या प्रकरणात काही सुचेना. "घर आसा, नवरो आसा, मारल्यान ता एकदाच," असं ते माझ्याशी, पण स्वतःलाच सांगितल्यासारखं बोलायचे. शेवटी त्यांनी ठरवलं, पोचवून यायचं. एक दिवस सबंध घालवून ते तालुक्याला गेले आणि मुंबईच्या एसटीची दोन तिकिटं काढून आले.

ते गेले त्याच दिवशी आमच्याकडे एक सिनेमा लागला. सगळीकडे पडलेला. शेठला तो कुठल्या तरी चाललेल्या सिनेमाबरोबर गळ्यात मारला होता, म्हणून दोनच दिवस. गोष्ट एका सुनेची. मोठं घर, सगळे गोड बोलणारे, आणि ती हळूहळू त्या घरात दिसेनाशी होत जाते. चौदा रिळं होती. ओहोटी होती, त्यात मधेच वीज गेली, आणि शेवटचं रीळ राहिलेलं असताना धक्क्यावर डबा वाजला. लोक उठले. ऑपरेटरने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बंद कर. तेरावं रीळ जिथे संपत होतं तिथे ती पहाटे पिशवी घेऊन घराबाहेर पडते. आतून सासू चहासाठी हाक मारते. ती थांबते, पण वळत नाही. एसटीत बसते, खिडकीची धुरकट काच पदराने पुसते. आणि दिवे लागले.

कुणी तक्रार केली नाही. होडी गाठायची घाई.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुतूहलाने ऑपरेटरला ते चौदावं रीळ लावायला सांगितलं. रिकाम्या टॉकीजात आम्ही दोघांनी बघितलं. एसटीत एक म्हातारा भेटतो, तिला उपदेश करतो, पाठीमागे भजन लागतं. ती पुढच्या थांब्यावर उतरते, धावत परत येते, सासूच्या पायावर डोकं ठेवते. नवरा हसून म्हणतो, "चहा टाक." सगळे हसतात. मला ते रीळ असं काही झोंबलं की काय सांगू. आधीच्या तेरा रिळांत ज्या माणसाने एवढं नेमकं दाखवलं, त्यानेच हे का केलं? कुणी करायला लावलं?

त्या संध्याकाळीही ओहोटी होती, पण दोन गाणी काढली असती तर शेवट आरामात बसला असता. ऑपरेटरने गाण्यांची रिळं बाजूला काढूनही ठेवली होती. मी ती परत खेळात घातली आणि शेवटचं रीळ पेटीत टाकलं.

"शेठ मारतलो," ऑपरेटर म्हणाला.

"शेठ आज सावंतवाडीक गेलो हा," मी म्हटलं.

त्या खेळाला भाऊ आले. बरोबर सुमन. जायच्या आधी पोरीचं मन रमावं म्हणून आणली असेल. मला ते तिकीट फाडताना कळलं, आणि खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात तिचा विचारही आला नाही. मी फक्त लोकांना शेवट आवडतो का, ते बघत होतो.

खेळ सुटल्यावर आम्ही तिघं चालत घरी आलो. भाऊंनी कोट काढून हातात घेतलेला.  मग म्हणाले, "परत येवक नाय ती."

"नाय," सुमन म्हणाली.

"आणि पिच्चर थंयच संपलो. आता माका सांगा मॅनेजरानू, तिचा मागसून काय वायट झाला असता, तर सिनेमावाले दाखयल्याशिवाय रवले असते? बाई जरा उंबऱ्याभायर गेली की तिका विहिरीत तरी ढकलतत, नायतर कोठ्यार तरी बसयतत. हेनी काय दाखवक नाय. म्हणजे काय वायट होवक नाय. गेली, आणि बरी रवली." ते थांबले. "असा होव शकता, ह्या माका ठावकच नव्हता."

मी काहीतरी हूं म्हटलं.

सकाळी भाऊ तालुक्याला गेले आणि तिकिटं परत करून आले. त्या रविवारी सुनावणी झाली नाही. मी पायरीवर बसलो तर म्हणाले, "सरकार पक्षाक आज बोलूचा काय आसा?" मी म्हटलं, नाही. "अपील मंजूर," ते म्हणाले. पुढचं सबब-बिबब काही नाही.

दिवाळीनंतर सुमनच्या सासरची माणसं आली. नवरा आणि त्याचा मामा. मामा मुंबईत चांगल्या हुद्द्यावर, बोलणं शांत, पांढरे कपडे. मला भाऊंनी मुद्दाम थांबवून घेतलं होतं. पडवीत सगळे बसले. सुमन दारात चहाचा ट्रे घेऊन उभी.

"भाऊ," मामा म्हणाले, "मुलगी अशी किती दिवस माहेरी ठेवणार? संसारात भांड्याला भांडं लागतं. आम्ही सन्मानाने न्यायला आलोय."

भाऊ जावयाकडे वळले. "तुमी बोला. आठ महिने बोललास नाय, आज तरी बोला."

जावयाने मामाकडे बघितलं. मामा म्हणाले, "तो लाजतो थोडा."

"लाजणारो हात उचलणा नाय," काकी आतून म्हणाल्या.

मामांनी ते ऐकलंच नाही असं दाखवलं. मग त्यांनी समजुतीच्या सुरात विचारलं, की बाबांनो, तिने पुढे करायचं काय? बाई एकटी कशी राहणार? आणि भाऊंनी, तीस वर्षं कोर्टात काढलेल्या त्या माणसाने, पुरावा म्हणून तो सिनेमा काढला. सबंध गोष्ट सांगितली. पिशवी, हाक, काच. "ती गेली, आणि तिचा काय एक वायट होवक नाय. तो डायरेक्टर काय खुळो नाय."

मामा हसले. वाईट हसले नाहीत, मोठ्या माणसाने हसावं तसं. "तो होय? अहो, मी बघितलाय तो. शेवटी येते की ती परत! सासूच्या पाया पडते. सगळं गोड होतं. तुम्हाला झोप लागली असेल, भाऊ."

भाऊंचा चेहरा पडला. मी तो पडताना बघितला. 

"माझ्या पडवीत खोटी साक्ष चलूची नाय," भाऊ म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता. मग माझ्याकडे वळले. "मॅनेजरानू, हंय येवा. पिच्चर तुमी लावललो. सांगा हेंका. ती परत येता?"

सगळे माझ्याकडे बघत होते. मी होय म्हटलं असतं तर भाऊ त्या बैठकीत खोटे पडले असते, आणि मला वाटतं, सुमन त्याच आठवड्यात मुंबईच्या एसटीत बसली असती.

"नाय," मी म्हटलं. "परत येणा नाय."

"अहो, काय सांगता? मी डोळ्यांनी बघितलंय!"

"प्रिंट माझ्याकडे होती. चौदा रिळां. चौदाव्या रिळात ती गाडयेत बसता, काच पुसता, आणि संपता. तुमी दुसरो कुठलो तरी बघितलो असात. सुनांचे पिच्चर पुष्कळ येतत."

मामा गोंधळले. इतक्या खात्रीने कुणी बोललं की माणूस स्वतःच्या आठवणीवर शंका घेतो. त्यांनी भाच्याकडे बघितलं. आणि तेव्हा तो पहिल्यांदा बोलला. मामाकडे तोंड करून म्हणाला, "मामा, तिला यायचं नसेल तर राहू दे म्हणावं."

सुमनने ट्रे खाली ठेवला. "ऐकलास बाबा?" ती म्हणाली. "मी हंय उभी आसंय. तरी अजून मामाकच सांगता."

 भाऊ उठले, कोट नव्हता तरी असल्यासारखे खांदे ओढून घेतले आणि स्वच्छ कोर्टाच्या भाषेत म्हणाले, "चेडू... मुलगी जाणार नाही. आपण जेवून जावं." ते जेवले नाहीत.

सुमन पुढे टायपिंग शिकली, वेंगुर्ल्याला एका काजूच्या कारखान्यात हिशेबाच्या कामाला लागली, तिथेच खोली करून राहिली. सोडचिठ्ठीला वेळ लागला, पण झाली. ती वाईट राहिली नाही. भाऊंचा तो निकाल बरोबर ठरला.

मला मात्र त्या घरात राहणं जड होऊ लागलं. भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "आमचे मॅनेजर. खरो माणूस. तेंच्या एका शब्दार माझा चेडू सुटला." काकी माझ्या ताटात माशाची मोठी तुकडी वाढू लागल्या.  आणि भाऊंचा एक हट्ट सुरू झाला: तो पिच्चर परत आणा. सगळ्या गावाने बघितला पाहिजे. मी सांगायचो, प्रिंट मिळत नाही. कोल्हापूरला पाणी शिरलं, प्रिंट भिजली, असंही एकदा सांगितलं. एकदा खोटं बोललं की ते पोसावं लागतं.

मग गावात व्हिडिओ आला. एसटी स्टँडजवळ एकाने दुकान काढलं, टीव्ही आणि व्हीसीआर दिवसाच्या भाड्याने. आमच्या टॉकीजची बाकं ओस पडू लागली. एका रविवारी दुपारी मी झोपलेलो असताना पडवीत माणसांचा गलका ऐकू आला. बाहेर आलो तर टीव्ही मांडलेला, शेजारच्या बायका खाली चटईवर, सुमन सुट्टीला आलेली, आणि भाऊ कोट घालून खुर्चीत.

"येवा, मॅनेजरानू! शेवटी गावलो. कॅसेट इली!"

मला पळता आलं नाही. पायरीवर बसलो. तेरा रिळांपर्यंतचा तो सिनेमा मी इंचाइंचाने बघितला आणि प्रत्येक दृश्याबरोबर माझी सुटका जवळ येतेय की फजिती, तेच कळेना. सगळ्या वाडीसमोर ती परत येणार, सासूच्या पाया पडणार. भाऊ माझ्याकडे बघणार.

ती पिशवी घेऊन बाहेर पडली. सासूने हाक मारली. एसटी आली. तिने काच पुसली.

भाऊ उठले आणि बटण दाबलं. पडदा काळा झाला. "संपलो," ते म्हणाले. "च्या घेवन जावा सगळ्यांनी."

"अगो बाय माझे, आत अजून टेप आसा मा, भाऊनू!" एक शेजारीण म्हणाली.

"आसांदे."

लोक चहा पिऊन गेले. सुमन कप विसळायला आत गेली. मी बसलोच होतो. भाऊ कॅसेट डब्यात घालत होते.

"तुमका ठावक होता?" मी विचारलं.

"कधीपासून, ता इचारा." ते शांतपणे म्हणाले. "त्याच दिवशी. तीस वर्सां साक्षीदाराच्या पिंजऱ्याबाजूक बसलंय मी. खरा सांगणारो माणूस थांबता, आठवता, चुकता. तुमी धडधडा सांगलास. चौदा रिळां, गाडी, काच. इतका पाठ खोट्या साक्षीदाराकच आसता."

"मगे बोललास कित्याक नाय?"

"साक्ष तपासूचा काम समोरच्या पक्षाचा. मामान उलटतपासणी घेतल्यान नाय. ती तेची चूक."

मी कॅसेटच्या डब्याकडे बघितलं. म्हटलं, "मगे पिच्चर? तेचा अपील?"

"पिच्चर चांगलोच! त्येच्यात बदल नाय." भाऊ एकदम नेहमीच्या आवाजात आले. "मुंबयकारांनी एक रीळ जास्त बघल्यानी, म्हणान पडलो. आमी नेमको बघलो. खालच्या कोर्टापुढे कागद जास्त गेले तर निकाल चुकताच."

तेव्हा मला सगळं सांगून टाकावंसं वाटलं. म्हटलं, "भाऊ, त्या दिवशी मी खोटा बोललंय, ता कोणासाठी ता..."

त्यांनी हात वर केला. "नको. ता सांगलास तर माका रेकॉर्डार घेवक लागात."

 नंतर काही महिन्यांनी टॉकीज बंद पडलं, मी गाव सोडलं. भाऊ गेले तेव्हा मला पोचायला उशीर झाला. सुमनने मला बघून एवढंच म्हटलं, की तुमचं नाव निघालं की बाबा अजून 'खरो माणूस' म्हणायचे. म्हणताना हसायचे का, हे मी विचारलं नाही.

सुमनसाठी नव्हतं, भाऊ. ती ट्रे घेऊन दारात उभी होती, पण मी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. मला शेठ दिसत होता. शेवट कापला हे गावभर झालं असतं तर त्याने मला दुसऱ्या दिवशी काढलं असतं. म्हणून बोललो. घ्या रेकॉर्डवर.